नागुबाईच्या डोळ्यातून न निघालेलं अंडं

त्या गुरुवारी चाकूरजवळच्या त्या गावात बायांची रांग पारापासून थेट पिठाच्या गिरणीपर्यंत गेली होती. सोयाबीनची मळणी चालू होती, गावभर भुसा उडत होता, ज्याचे त्याचे डोळे चुरचुरत होते. पण भुशाला कोण विचारतो? गावात भानामती शिरली आहे आणि ती बायांच्या डोळ्यांत अंडी घालते, असं दर गुरुवारी पारावर बसणाऱ्या चंद्रप्पा महाराजांनी सांगितलं होतं. एवढ्या मोठ्या शिवारात भानामतीला अंडी घालायला दुसरी जागा मिळू नये, याचं नवल कुणालाच वाटलं नाही.

महाराज बोटावर काजळ घेत, खालच्या पापणीच्या आत फिरवत आणि डोळे मिटून एकशेआठ वेळा देवीचं नाव घ्यायला लावत. मग पांढऱ्या फडक्यानं डोळ्याच्या कोपऱ्यातून अंडं टिपून काढत. बुळबुळीत, पांढरट, मधोमध काळा ठिपका. "बघा, पिल्लू डोकावतंय," ते म्हणत, आणि बाया तोंडाला पदर लावून मागं सरकत.

रांगेत पंचावन्न वर्षांची नागुबाई उभी होती. तिला अंडं हवंच होतं. उन्हाळ्यात तिचा नवरा शिवप्पा गेला. मयतीला आलेली प्रत्येक बाई गळ्यात पडून रडते आणि घरच्या बाईनं तिच्याबरोबर रडायचं, ही गावची रीत. नागुबाईच्या आत सगळं तुटत होतं, पण डोळ्यांतून टिपूस आला नाही. डोळे नुसते वाळू गेल्यासारखे खुपत राहिले. तेव्हापासून कुजबुज सुरू झाली. नवऱ्याच्या मढ्याजवळ न रडणारी बाई साधी नसते म्हणे. त्यात आता आठ महिन्यांचा नातू दूध टाकायला लागला आणि सून महादेवी तिच्याकडं वेगळ्याच नजरेनं बघू लागली. महादेवीच्या डोळ्यातून अंडं निघालं होतं. आपल्याही डोळ्यातून निघालं तर आपण सोसणाऱ्यांपैकी ठरू, करणाऱ्यांपैकी नाही, एवढाच नागुबाईचा हिशेब होता.

एकशेआठ झाले. महाराजांनी फडकं फिरवलं. काही नाही. पुन्हा नाव घ्यायला लावलं, पुन्हा फिरवलं. फडकं कोरडंच. महाराजांच्या कपाळावर घाम आला, पण तोंड थांबलं नाही.

"जिच्यातून निघत न्हाई, तीच घालती," ते म्हणाले.

महादेवीनं लेकराला ओढून पदराखाली घेतलं. त्या दिवसापासून नागुबाईनं नातवाला हात लावायचा नाही, असं घरात ठरलं. ती गोठ्यालगतच्या पडवीत राहू लागली. आत लेकरू रडायचं आणि तिचे हात आपोआप पुढं व्हायचे. तिसऱ्या दिवशी तिला वाटलं, खरंच मीच असेन तर? माणसाला किती दिवस सांगितलं की ते स्वतःलाच भ्यायला लागतं, ते या बाईकडं बघून कळलं असतं.

चौथ्या दिवशी डोळा लालभडक झाला, उघडेना. मुलगा शिवमूर्ती मुकाट्यानं तिला चाकूरच्या दवाखान्यात सोडून आला. तिथं डोळे तपासणाऱ्या जेबा मॅडमनी तिच्याकडून सगळी हकीकत ऐकून घेतली, पापणी उलटवली आणि चिमट्यानं एक बारीक काळं बी काढलं. काचेवर ठेवून त्यावर पाण्याचे चार थेंब टाकले. बघता बघता बी फुगलं, त्याभोवती पांढरा बुळबुळीत थर आला.

"हे तर अंडं हाय," नागुबाई म्हणाली.

"सब्जा आहे, मावशी. फालुद्यात घालतात तो. काळ्या काजळात काळं बी दिसत नाही. एकशेआठ म्हणेपर्यंत डोळ्यातल्या पाण्यानं फुगतं आणि बाहेर येतं. तुमच्या डोळ्यात पाणीच नाही, म्हणून फुगलं नाही."

मॅडमनी कागदाची एक पट्टी खालच्या पापणीत पाच मिनिटं अडकवली. ती जेमतेम टोकाशी ओली झाली. मग त्यांनी खोदून खोदून विचारलं. पाळी जाऊन किती वर्षं झाली, चुलीचा धूर किती, डाळमिलच्या धुळीत किती वर्षं काम केलं, रोज कुठली गोळी घेता. शिंकांची गोळी नागुबाई दोन वर्षं रोज घेत होती. यातल्या एकेका गोष्टीनंही डोळे सुकतात आणि नागुबाईपाशी चारही होत्या.

"मग मला मालक गेल्याचं दुःख झालं का न्हाई, ते बी ह्या कागदावर कळतं का?" नागुबाईनं विचारलं.

"नाही, मावशी. हा फक्त पाणी मोजतो," जेबा मॅडम म्हणाल्या आणि बराच वेळ तिचा हात धरून बसल्या.

पुढच्या गुरुवारी मॅडम सब्जाची पुडी घेऊन पारावर आल्या. सगळ्यांसमोर पाण्याच्या ताटलीत चिमूटभर सब्जा टाकला. दहा मिनिटांत ताटलीभर अंडी. महाराज म्हणाले, ही बाजारातली, माझी देवीची. मॅडमनी त्यांना साबणानं बोटं धुऊन, काजळ न लावता, एक अंडं काढून दाखवायला सांगितलं. महाराजांना एकाएकी उदगीरचं काम आठवलं. मोटारसायकल सुरू व्हायला मात्र चार किका लागल्या.

मॅडम बायांना म्हणाल्या, "डोळ्यातून काही निघालं तर आधी विचारा, ते घातलं कुणी? डोळे चुरचुरले तर दवाखान्यात या. आणि कुणाला रडू आलं नाही म्हणून तिला घराबाहेर काढू नका."

महादेवी मान खाली घालून उभी होती. "आत्या, मला कळलं न्हाई."

"सात दिवस झाले," नागुबाई म्हणाली. "दे त्याला हिकडं."

लेकरू आधी बावरलं, मग तिच्या मानेला बिलगलं. त्याला घट्ट धरून ती बायांच्या रांगेकडं वळली.

"माझ्या डोळ्यात आत्ता बी पाणी न्हाई. कुणाला काय म्हणायचं असल तर आत्ता म्हणा."