खिळ्यावरची डावी चप्पल

मी एक जुनी चप्पल आहे. डाव्या पायाची. मित्रांनो, आधीच सांगून ठेवते, मी चिडलेली आहे. अशी तशी नाही, अंगाची आग होईल इतकी.

माझा जन्म ट्रकच्या टायरातला. मेक्सिकोच्या डोंगरात, आम्हा रारामुरी लोकांच्या मुलखात, एक ट्रक लाकडं भरभरून खाली न्यायचा. घाटात त्याचा टायर फुटला. ड्रायव्हरनं चार शिव्या घातल्या आणि टायर तिथंच फेकून गेला. कांदेलारियो मामानं तो उचलला, सुरी दगडावर पाजळली. भाचीला, सिल्वेरियाला, टायरवर उभं केलं आणि कोळशानं पायाची कड आखली. एकाच तुकड्यातून दोघी निघालो, मी आणि उजवी. तीन-तीन भोकं, एकेक लांब चामडी वादी, घोट्याला दोन वेढे. झालं काम.

"मामा, किती दिवस टिकतील?" सिल्वेरियानं विचारलं.

"चपला टिकतील गं. तू टिकतेस का बघ."

सहा वर्षं टिकलो की! बकऱ्यांमागं पळालो, दरी उतरलो, दरी चढलो. आमच्या बायकांच्या शर्यतीत काठीनं एक कडं पुढं उडवत, त्याच्यामागं दिवसदिवसभर पळालो. आणि शेजारी कायम चोनाच्या चपला. चोना म्हणजे सिल्वेरियाची मैत्रीण, पलीकडच्या टेकाडावरची. लहानपणापासून दोघी पळणार तर बरोबर, बसणार तर बरोबर, भांडणार तर एकमेकींशीच.

मग खाली गावातल्या एका हॉटेलवाल्या साहेबानं डोंगरातली शर्यत काढली. जोडीनं पळायचं, दोघींनी मिळूनच पोचायचं. बक्षीस एक खेचर.

खेचर! चोनाच्या आईचे गुडघे गेलेले. झरा पार दरीच्या तळाशी. चोना रोज डबे घेऊन तीन खेपा घालायची, वर येऊन भिंतीला टेकून बसायची. त्या खेचरासाठी दोघी पळणार होत्या.

"नाव पालोमा ठेवू या," सिल्वेरिया म्हणाली.

"खेचराला कबुतर म्हणणार? लाथ घालील तुला!"

"घालू दे. पाणी तर आणील."

शर्यतीच्या सकाळी बघतो तर टेबलावर बुटांचे डोंगर. पिवळेजर्द. साहेब म्हणाला, "आम्ही दिलेले बूट घातल्याशिवाय कुणी पळायचं नाही. नियम आहे." पायांना काय हवं ते पायांना विचारायचं की टेबलाला? पण कोण बोलणार! चपला भराभर पोत्यात गेल्या. चोनाच्याही गेल्या. सिल्वेरिया मात्र वस्ताद. तिनं आम्हा दोघींना गुपचूप कमरेच्या पट्ट्यात खोचलं.

नदीपर्यंत ठीक होतं. नदी ओलांडली आणि बुटांत पाणी भरलं. ते निघेना. आमच्यात पाणी आलं तर पुढच्या पावलाला गेलेलं असतं! चढावर चोना मागं पडायला लागली.

"काय झालं गं?"

"काही नाही."

"मग लंगड्या कोंबडीसारखी का चालतेस? बस. बूट काढ."

चोनानं डावा बूट काढला. टाचेची कातडी बुटालाच चिकटून आली.

"तू जा पुढं," चोना म्हणाली.

"एकटी जाऊन काय करू? अर्धं खेचर आणू? शेपटीकडचं?"

चोना रडता रडता हसली. सिल्वेरियानं स्वतःचा उजवा बूट उपसला, तिच्या अंगठ्याचं नख काळं पडलेलं. मग कमरेतून आम्हाला काढलं. मी चोनाच्या डाव्या पायात गेले, उजवी सिल्वेरियाच्या उजव्या पायात. काढलेले दोन बूट दोघींनी गळ्यात अडकवले. सहा वर्षांत आम्ही दोघी पहिल्यांदा वेगळ्या झालो. वाईट वाटायला वेळ कुठं होता? वादी पक्की बांधली आणि सुटलो. एका पायात पिवळा बूट, एका पायात टायर. चोनाच्या रक्तानं मी ओली झाले होते, पण घसरले नाही. एकदाही नाही.

पहिल्या आलो आम्ही! दोघी बरोबर, हात धरून.

साहेबानं खाली बघितलं. "हे काय? बूट कुठायत?"

"हे काय, गळ्यात," सिल्वेरिया म्हणाली. "एकेक पायातपण आहे. बघा ना."

लोक खो खो हसले. साहेब नाही हसला. "नियम तो नियम. तुम्ही बाद."

खेचराचा दोर दुसऱ्या आलेल्या जोडीतल्या रोसेंदाच्या हातात गेला. आणि साहेबानं काय करावं? वाकून चोनाच्या पायातनं मला सोडवलं. म्हणे पुरावा! तो पुरावा आज त्याच्या हॉटेलात खिळ्यावर लटकलाय. खाली पाटी: 'वाऱ्यासारख्या धावणाऱ्या रारामुरींची अस्सल पादुका'. पाहुणे माझ्याबरोबर फोटो काढतात. ज्या चपलेसाठी बाद केलं, तीच शोभेला! सांगा, चिडू नको तर काय करू?

आमच्यात एक रीत आहे, कोरिमा. ज्याच्याकडं आहे त्यानं नसलेल्याला वाटून द्यायचं. मागणारा भिकारी नसतो आणि देणारा राजा नसतो. चोनानं रोसेंदाला "कोरिमा" म्हटलं, आणि आता खेचर एक दिवसाआड चोनाच्या घरचं पाणी आणतं. हॉटेलच्या ओसरीवर टोपल्या विकताना दोघी बोलतात, ते मी ऐकते. पालोमानं सिल्वेरियाला लाथ घातलीच म्हणे.

परवा सिल्वेरिया आत आली. माझ्याकडं बोट करून म्हणाली, "कोरिमा."

टेबलामागच्या माणसानं तिच्या हातावर एक नाणं ठेवलं.

तिनं ते टेबलावर परत ठेवलं. "पैसे नकोत. चप्पल माझी आहे."

"बाई, ती भिंतीची शोभा आहे."

मी तिचे पाय बघितले. उजव्यात माझी उजवी. डाव्यात कुठल्यातरी मोटारीच्या पातळ टायरचा तुकडा, आत्ताच चिरा पडलेला. पुढच्या शर्यतीला तो दरीत दगा देणार.

मित्रांनो, तुम्हाला सांगतात ना, वस्तू जपून ठेवा? मला तसं जपू नका. मला चिखल द्या, दगड द्या, झिजू द्या. कधी इकडं आलात तर फोटो काढू नका. हात वर करा, खिळ्यावरनं मला काढा आणि ओसरीवर लाल झग्यात टोपल्या विकत बसलेल्या सिल्वेरियाला द्या. कुणाला विचारायची गरज नाही. नुसतं म्हणा, डावी आणलीय.