कमलच्या मौनास मी धैर्य समजलो

वाचकहो, पुढील ओळींत मी माझ्या हातून घडलेल्या एका चुकीचे यथातथ्य निवेदन करणार आहे. भित्र्या मुलांस आखाड्यात पाठविल्याने धीर येतो, असे मी आजही मानतो. परंतु धीर कशास म्हणावे, हे मज वस्तादालाच ठाऊक नव्हते. माझे शिक्षण इयत्ता चौथीपर्यंतच झाले आहे, ही गोष्ट वाचताना ध्यानी असावी.

सन एकोणीसशे छप्पनच्या नोव्हेंबरात प्रांतांची नवी रचना झाली. आमचे बऱ्हाणपूर मध्य प्रदेशातच राहिले, राजधानी मात्र नागपूरहून भोपाळास गेली आणि त्याच हिवाळ्यात माझी कन्या कमल हिच्या शाळेत हिंदीतून शिकविणारे नवे गुरुजी आले. कमल नऊ वर्षांची, स्वभावाने अत्यंत लाजाळू. एके दिवशी ती वर्गात "मैं कल आली नव्हती" असे बोलली आणि सगळी मुले पोट धरून हसली. तेव्हापासून तिने वर्गात तोंड उघडले नाही. गुरुजी मला म्हणाले, "भाईसाहब, ज़बानी परीक्षा में नहीं बोली तो फेल होगी."

माझी पत्नी मंगला हिने निक्षून सांगितले, "नापास झाली का शाळा बंद. मुकी पोर तिथं बसून काय करेल? घरी भाकरी तरी थापेल."

मी बुधवारा पेठेतील आखाड्यात सायंकाळी मुलांना लाठी शिकवीत असे. कमललाही तेथे घेऊन गेलो.

"पोरीच्या हातात लाठी? सासरी काय मिरवणूक काढायची आहे का?" मंगला म्हणाली. मी ऐकले नाही.

आमच्या आखाड्याची एक रीत आहे. ज्याला लाठी लागते त्यानेच मोठ्याने "लागली!" म्हणावयाचे. मारणाऱ्याने हक्क सांगावयाचा नाही, वस्तादाने निवाडा करावयाचा नाही. शब्द निघाला की डाव थांबतो. तोवर समोरचा खेळत राहतो.

कमल ते म्हणतच नसे. दंडावर बसली, पिंडरीवर बसली, तरी ओठ मिटलेले. तिचा जोडीदार गोटू वैतागून म्हणाला, "वस्ताद, इला लागतच नाही का? लाकडाची आहे का पोरगी?"

ह्या बोलण्याने माझी छाती फुगली. "माझी पोर कण्हत नाही," असे मी चौकात, पानाच्या दुकानात, जेथे जाईन तेथे सांगू लागलो. तिला भय उरले नाही, अशी माझी खात्री झाली. मुलांनाही मी दटावले, "कमलकडून शिका!"

फाल्गुनात गोटूची लाठी तिच्या डाव्या मनगटावर बसली. ती बोलली नाही, म्हणून रीतीप्रमाणे गोटू थांबला नाही. दुसरी लाठीही तेथेच बसली. सकाळी हात वांग्यासारखा सुजला होता.

हाडवैद्य यादवबुवांनी पट्टी बांधली आणि माझ्याकडे रोखून पाहिले. "हाड तडकलं आहे. हिने सांगितलं नाही?"

मी कमलला विचारले, "का गं, बोलली का नाही?"

ती पायाच्या अंगठ्याकडे पाहत म्हणाली, "तुम्ही साऱ्यांना सांगत होते ना, कण्हत नाही म्हणून. मी बोलली असती तर तुम्ही खोटे पडले असते."

वाचकहो, तेव्हा मला उमगले. ज्या मौनातून तिला बाहेर काढावयाचे, त्यालाच मी शाबासकी देत होतो.

पट्टी सुटल्यावर मी तिला पुन्हा आखाड्यात नेले आणि सर्वांसमोर स्वतः तिच्यापुढे उभा राहिलो. तिची लाठी माझ्या गुडघ्याला लागली. मी ओरडलो, "लागली!" खांद्याला लागली, पुन्हा ओरडलो. मुले खिदळू लागली. मग मी तिच्या दंडाला लाठी नुसती टेकवली व तशीच धरून ठेवली. पुष्कळ वेळ गेला. माझे हात भरून आले.

"लागली," ती पुटपुटली. मग रागाने, रडत, मोठ्याने म्हणाली, "लागली म्हणते ना! काढा आता!"

गोटू हसला नाही.

एप्रिलात तोंडी परीक्षा झाली. गुरुजींनी पाच प्रश्न विचारले. दोहोंची उत्तरे तिने मोडक्या हिंदीत दिली, मुले हसली तरी पुरी दिली. उरलेल्या तिहींना ती म्हणाली, "मुझे नहीं आता." निकाल लागला, ती नापास झाली.

मंगलेने दप्तर उचलून फळीवर टाकले. मी काही बोलणार, तोच कमल फळीखाली पाटावर चढली.

"आई, मी नापास झाली. पण शाळा सोडणार नाही. त्याच वर्गात बसेन."

"पोरी हसतील तुला."

"हसू दे."

 मंगलेने स्वतःच दप्तर खाली काढून दिले. 

जुलैत कमल धाकट्या मुलांच्या रांगेत जाऊन बसली. थंडीत तिचे मनगट अजून दुखते, आणि ते ती सांगते.

येथवर वाचण्याचे कष्ट घेतल्याबद्दल आपणा सर्वांचा ऋणी आहे.

शालिग्राम देवराम महाजन
बुधवारा, बऱ्हाणपूर