पालथी घातलेली पायली

१८ नोव्हेंबर १९५४. सकाळी दाट धुकं, वारा अजिबात नाही. त्या सकाळी मला पालथं घातलं.

मी पायली बोलतेय, धान मोजायचं लाकडी माप. मूल गावच्या सुताराने बिजाच्या लाकडातून मला कोरलं आणि माझा धनी लटारू याने बैलगाडीतून घरी आणलं. खळ्यावर मापणी सुरू झाली की पहिल्या मापाला 'एक' म्हणत नसत, 'लाभ' म्हणत. मळणी लागल्यापासून धान मापून होईपर्यंत मला पालथं घालायचं नाही, हा घरचा नेम. पालथ्या मापातून वर्षाचं धान निघून जातं म्हणत.

लटारूची नात गिरजा चौथीत होती. मूलच्या शाळेत पाचवीत घेताना हेडमास्तर थोडं इंग्रजी विचारायचे, म्हणून गुणवंतराव गुरुजी शाळेआधी पोरांना शिकवत. इन, ऑन, अंडर गिरजाला पाठ होतं, पण कोणता शब्द कुठे लावायचा ते उमगत नव्हतं. गुरुजींनी घरून एखादं भांडं आणायला सांगितलं. घरची सगळी भांडी पाण्याने भरलेली. तिने मला कडेवर घेतलं.

गुरुजींनी माझ्यात चिंचोका टाकला. इन. काठावर ठेवला. ऑन. मग म्हणाले, आता पायली चिंचोक्यावर पालथी घाल. गुरुजी वर्धेकडचे. तिकडे कापूस तोलतात, मापत नाहीत. गिरजाला नेम ठाऊक होता. ती थांबली. मग तिने मला पालथं घातलं आणि मोठ्याने म्हणाली, "अंडर." त्यानंतर तिचं एकही उत्तर चुकलं नाही.

खळ्याकडे निघालेल्या लटारूने ते पाहिलं.

"काऊन पालथी घातली वं?"

"शिकून राह्यली, आबाजी."

त्याने मला उचललं आणि घरी नेलं.

धान गर्भात असतानाच, लोंब्या बाहेर पडायच्या आधी, शेताला पाणी देणारा तलाव आटला होता, हे गावात सगळ्यांना माहीत होतं. तरी मापणीत निम्मं पोचट निघालं तेव्हा बोट गिरजाकडेच दाखवलं गेलं. शेजारची रुखमाबाई, जिची पायली त्या वर्षी खळ्यावर नेली, रोज टोमणा मारी, "बोलाव तुह्या इंग्रजीले. धान आण म्हणा."

लटारूने गिरजाची शाळा बंद केली. गुरुजी घरी आले. चूक माझी, पोरीला शिक्षा नको, असं परोपरीने सांगू लागले. गिरजाची आई ताराबाई सासऱ्यापुढे कधी बोलत नसे. त्या दिवशी दाराआडून बोलली, "मामाजी, परीक्षेपुरतं तरी जाऊ द्या तिले."

लटारूने तिकडे पाहिलंही नाही.

"गुरुजी, तुमी पगारावर जगता, आमी खळ्यावर. तुमाले नाई समजत."

पालथं पडलेलं माप पुन्हा खळ्यावर नेत नाहीत. आता माझ्यात वाळल्या मिरच्या ठेवतात. तुमच्या घरी माझ्यासारखं माप असेल, तर धान कमी का आलं हे तलावाला विचारा, पोरीला नको.

जुलैत मूलची शाळा उघडली. गावातून गिरजाच्या वर्गातल्या मंगरू आणि झिंगू यांची नावं लागली. गिरजा आईबरोबर धानाच्या रोवणीला गेली.