पडद्यावरचं शून्य

कझाकस्तानातल्या कारागांडाजवळच्या त्या कोळसा खाणीत खाली उतरणारा जो तो दिवा घेताना बिल्ला मशीनला टेकवायचा. वर आला, दिवा परत दिला, की पुन्हा टेकवायचा. खाली किती माणसं आहेत ते कंट्रोल रूमच्या पडद्यावर दिसायचं. हा प्रोग्राम झिबेकचा.

काल तिने त्याची साफसफाई केली. वरच एक जुनाट ओळ होती : डेटाबेसचा ड्रायव्हर लोड कर. ड्रायव्हर म्हणजे प्रोग्राम आणि डेटाबेस यांच्यातला दुभाष्या. ‘हल्ली तो आपोआप लोड होतो, ही ब्याद कशाला?’ म्हणून तिने ओळ उडवली. तिच्या मशीनवर सगळं बिनबोभाट चाललं. कंट्रोल रूममधलं मशीन बाबा आदमच्या जमान्यातलं, तिथे ती ओळ लागतेच, हे बाईसाहेबांच्या ध्यानातच आलं नाही.

आज दुपारी पाळी सुटल्यावर नवा प्रोग्राम कंट्रोल रूममध्ये चढला, आणि तासाभरात खाली आग लागली. धूर वर आला, दिव्यांच्या खोलीतली माणसं बाहेर पळाली. कंट्रोल रूममध्ये ड्यूटीवरचे गेन्रिख कार्लोविच फोनवर ओरडत होते, “दरवाजे लावून टाका, हवा तोडा, आग गुदमरू दे! खाली चिटपाखरूही नाही!”

झिबेक धापा टाकत आत आली. “माझा एरसाइन खाली आहे! पंपावर! सकाळी मीच त्याला डब्यात बाउरसाकचे गोळे तळून दिलेत.”

“पाळी सुटलीय, पोरी. तुझा भाऊ बसला असेल कुठेतरी चहा ढोसत. हे बघ, शून्य. तुझाच प्रोग्राम सांगतोय ना?”

झिबेकने पडद्याकडे पाहिलं. पाणी उपसणारे पंपवाले तर सणासुदीलाही खाली असतात. शून्य कधी येतच नाही. आणि दुभाष्या सापडला नाही तर बोंब मारायची सोडून गुमान शून्य दाखवायचं, हेही तिनेच लिहिलेलं. कार्लोविच एकदा कुरकुरले होते, लाल अक्षरं बघून माझं ब्लडप्रेशर वाढतं, म्हणून!

“थांबवा त्यांना! आकडा खोटा आहे!”

“मग खरा दाखव. आग काय तुझ्यासाठी थांबणार आहे?”

तिने त्यांना खुर्चीवरून ढकललंच. उडवलेली ओळ परत लिहायला घेतली. एवढीशी ओळ, ती दोनदा चुकली. मग प्रोग्राम पुन्हा सुरू केला.

सात.

कार्लोविच पांढरेफटक पडले. “उघडा! अरे, उघडा दरवाजे!”

“आता कसे उघडणार?” फोनमधून आवाज आला. “हवा आत गेली की गॅसचा स्फोट होईल. आम्हीही जाऊ सगळे.”

“पोरी, मी...” कार्लोविच म्हणाले. झिबेक ऐकतच नव्हती. ती पडद्याकडे टक लावून बसली होती. एकाने तरी वर येऊन बिल्ला टेकवावा, सहा व्हावेत, या अल्ला, एवढंच कर.

संध्याकाळ झाली तरी सातच. प्रोग्राम अगदी बरोबर चालत होता.