सुमिएचा आवाज आणि माझे टोक

मित्रांनो, मी एक जुनी, झिजलेली कार्ट्रिज आहे. रेकॉर्डप्लेअरच्या दांडीला पुढे काडेपेटीहून लहान डबी असते आणि तिच्या पोटातून हिऱ्याची बारीक सुई डोकावते, ती मी. आज मी मोरिओका शहरातल्या एका देवळात टोफूच्या वडीत खुपसलेली आहे. इथे कशी आले ते सांगते. ऐकून तुम्हाला माझा राग आला, तर त्यात तुमची चूक नाही.

माझा जन्म एका लहानशा कारखान्यात झाला. तिथल्या कानामोरीबाई सूक्ष्मदर्शकाला डोळा लावून केसाहून बारीक तार गुंडाळत असत. एका शिंकेने दिवसाचे काम वाया जाई, म्हणून सर्दी झाली की त्या कामावर येतच नसत. तबकडीच्या खाचेतून सुई धावली की हे तारेचे वेटोळे हलते आणि त्यातून आवाजाची वीज निघते. म्हणून आम्हाला मूव्हिंग कॉइल म्हणतात. आमची वीज फार क्षीण असते. ती वाढवायला वेगळा ट्रान्सफॉर्मर लागतो.

मला निवडले सुमिएने. तिचे यजमान मागोशी यांचे जाझ ऐकण्याचे कॉफीचे जुने दुकान होते. दोघे उसुई नावाच्या ओळखीच्या दुकानदाराकडे आले. उसुईंनी एकाच दांडीवर आम्हा तीन कार्ट्रिजना आळीपाळीने बसवून एकच तबकडी वाजवली. मागोशींना दुसरी पसंत पडली, कारण तिचा ढोल छातीत घुमत होता.

"तिच्यात सगळेच ओरडतात हो," सुमिए म्हणाली. "ही तिसरी घ्या. हिच्यात झांज विरत जाते तीसुद्धा ऐकू येते."

"वहिनी, कान चांगला आहे तुमचा," उसुई म्हणाले. "पण एक सांगून ठेवतो. हिची सुई घरी बदलता येत नाही. झिजली की हिला कारखान्यात द्यायचं, ते दुसरी देतात. हीच परत मिळत नाही."

"नको मिळू दे," सुमिए हसून म्हणाली. "आवाज तोच असला म्हणजे झालं."

मित्रांनो, हे तिचे बोलणे लक्षात ठेवा. मागोशींनी ते लक्षात ठेवले नाही.

सुरुवातीला माझी फार निगा राखली गेली. मागोशी रोज सकाळी मऊ कुंचल्याने माझी सुई झाडत, तीही मागून पुढे, कारण उलट झाडली तर आमची मान मोडते. नाजूक काट्यावर माझा भार तोलत. दोन ग्रॅम, ना कमी ना जास्त. सुमिए कॉफीच्या जात्यामागच्या दिनदर्शिकेवर मी किती तास वाजले ते लिहून ठेवी. हजार झाले की मला बदलायचे, असे तिने ठरवून टाकले होते. मला त्याचे काही वाईट वाटत नव्हते.

त्या दुकानात बोलायला बंदी होती. कोणी कुजबुजले तर मागोशी नुसते बोट ओठांवर ठेवत. सुमिएने वीस वर्षे मुकाट्याने कॉफी दिली. विसाव्या वर्षी उसुईंनी तबकडी कोरायचे यंत्र आणून तिच्यापुढे मायक्रोफोन ठेवला. लाखेच्या मऊ तबकडीवर तीन मिनिटे ती बोलली. त्याची एकच प्रत होती.

"अहो, वीस वर्षं तोंड शिवून बसले, आज बोलणार," तबकडीत ती म्हणे. "ते तिसऱ्या टेबलावरचे मास्तर जाझ ऐकत नाहीत, झोपतात. आणि तुम्ही डोळे मिटून मान डोलावता ना? तुम्हीपण झोपताच." मग ती हसे. ते हसू खाचेच्या दोन्ही भिंतींना गुदगुल्या करत जाई आणि मलाही फार आवडे.

पुढच्या शरद ऋतूत पोटाच्या आजाराने सुमिए गेली. दिनदर्शिकेवरचे तास आठशे चाळीसवर थांबले.

तेव्हापासून दुकान उघडण्याआधी, फळ्या लावलेल्याच असताना, मागोशी ती तबकडी लावू लागले. एकदाच, पण रोज. दिवसभर इतर तबकड्यांवर मी घासली जात होतेच. दोन वर्षांनी उसुई कॉफीला आले आणि बाहेर पडताना दारातच थांबले.

"मागोशीसान, सुई गेलीय तुमची. पाठवून द्या."

"ही परत येणार नाही ना?"

"ही कशी येईल?"

"मग राहू दे. ही तिने निवडलीय."

"अहो, निदान वहिनींची तबकडी टेपवर तरी उतरवून घ्या. लाख आहे ती, टिकायची नाही."

"या दुकानात टेप वाजत नाही," मागोशी म्हणाले. वीसहून अधिक वर्षे ते हेच म्हणत आले होते, आणि त्याचा त्यांना अभिमान होता.

माझ्या हिऱ्याच्या दोन्ही कडा घासून धारदार झाल्या होत्या. मी आता खाचेतून धावत नव्हते, ती तासत होते. आधी तिच्या बोलण्यातला 'स' गेला. मागोशींना वाटले धूळ आहे. त्यांनी तबकडी पुसली. मग हसू चिरकले. त्यांना वाटले मी नीट टेकत नाही, म्हणून माझ्या डोक्यावर एक ग्रॅम वजनाचे, एक येनचे नाणे चिकटवले. मित्रांनो, एक ग्रॅम म्हणजे तुमच्या हाताला काहीच नाही. मी मात्र त्या भाराने लाखेत आणखी खोल रुतले. मला ओरडावेसे वाटत होते, पण माझ्यातून निघणारा आवाज खाचेचा असतो, माझा नव्हे.

जानेवारीत एका सकाळी सुई टेकली आणि शेवटपर्यंत नुसती खरखर ऐकू आली. मागोशींनी पुन्हा लावली. पुन्हा तेच. तिसऱ्यांदा लावायला उचललेला हात त्यांनी तसाच खाली घेतला.

उसुईंनी मला सूक्ष्मदर्शकाखाली धरले. मागोशींनी एकदाच पाहिले.

"छिन्नी झालीय," उसुई हळूच म्हणाले.

"आणि मी दोन वर्षं ती तिच्यावर चालवली."

आठ फेब्रुवारीला आमच्याकडे देवळात मोडक्या सुया टोफूत टोचून त्यांना निरोप देतात. आयुष्यभर कठीण कामे केली, आता मऊ अंथरुणात पडा, म्हणून. बर्फ भुरभुरत होता. रांगेतल्या एका शिवणवालीने मागोशींच्या तळहातावर मला पाहिले.

"ही कसली हो सुई? हिने काय शिवणार?"

"उसवलं हिने," मागोशी म्हणाले. मग म्हणाले, "हिने नाही. मीच."

त्यांनी मला टोफूत टोचले, पण बोट काढले नाही. "शेवटी ती काहीतरी म्हणायची," ते पुटपुटले. "हसून झाल्यावर. रोज ऐकत होतो, आणि आता आठवत नाही. तुला आठवतं का गं?"

मला आठवते. खाचेतले प्रत्येक वळण मला पाठ आहे. पण दांडी नाही, तार नाही, मी सांगणार कशी? बोट निघाले आणि त्यांची पावले बर्फात दूर गेली.

मित्रांनो, आम्हाला झाडा, तोला, जपा, आणि आमची वेळ भरली की बदला. आमच्यावर जीव जडला म्हणून आम्हाला राबवत ठेवू नका. आमच्यात कोणी राहत नसते. जे असते ते खाचेत असते, आणि झिजल्यावर आम्ही तेच खरवडून काढतो. सुमिए असती, तर तिने मला कधीच पाठवून दिले असते.

ती शेवटी म्हणायची, "पुरे झालं हो आता, बंद करा. तुमची कॉफी निवतेय."