धूर पिणारे महाराज

सकाळी साडेआठलाच टाकीच्या मैदानावर मुंगी शिरायला जागा नसे. शहर धुरात बुडालेलं, समोरचा माणूस ओळखू येत नाही, डोळे चुरचुरताहेत, आणि मंचावर पांढऱ्याशुभ्र कपड्यांतले महाराज आ वासून बसलेले. ते धूर प्यायचे. हो, प्यायचे! त्यांचा शिष्य भोंग्यावरून ओरडायचा, "महाराज विष पोटात घेताहेत! कोणी शिंकू नका, ओढ तुटते!" माणसं नाकं दाबून उभी राहायची. दहाच्या सुमारास टेकड्या दिसू लागत, ऊन पडे, महाराज रुमालात खाकरत आणि रुमालावर काळा डाग उठे. मग टाळ्यांचा कडकडाट.

चौकातल्या वाहतूक पोलिसाने नाक शिंकरलं असतं तरी तसाच रुमाल निघाला असता. पण पोलिसाला कोणी मंच बांधून देत नव्हतं. महाराजांना तो वीटभट्टीवाल्या शेठने दिला होता, मांडवासकट.

भूगोलाच्या बाई त्या गर्दीत यायच्या त्या धाकट्या भावासाठी. भावाचं गॅरेज होतं, आणि दम्याने बेजार झालेली एकुलती एक मुलगी. महाराज तिच्या डोक्यावर हात ठेवून म्हणाले होते, "बाळ, तू पंप ओढतेस तोवर माझा श्वास तुझ्यात कसा शिरणार?" भावाने पंप तिथल्या तिथे त्यांच्या स्वाधीन केला.

"डोकं ठिकाणावर आहे का तुझं?" बाई कडाडल्या.

"ताई, तूही रोज बघतेस ना? ते बसतात, धूर जातो."

"शाळेची घंटा झाली की आमचा शिपाई चहा पितो. म्हणून काय चहाने घंटा वाजते? आणि परवा ढगाळ होतं तेव्हा दुपारपर्यंत धूर जागचा हलला नाही, तो का?"

"कोणीतरी शिंकलं असणार."

तो हे इतक्या मनापासून म्हणाला की बाईंना हसू आलं नाही, रडू आलं.

त्याच आठवड्यात शेठच्या परगावच्या नव्या भट्टीच्या उद्घाटनाला महाराज निघाले. शिष्याने बजावलं, "उद्या धूर हटणार नाही. दारं-खिडक्या लावून घ्या!" बाईंनी संधी साधली. "उद्या माझ्याबरोबर टेकडीवर चल. धूर राहिला तर मी तुझ्या महाराजांच्या पाया पडेन. गेला, तर पोरीला पंप आणून द्यायचा." भाऊ कबूल झाला.

खालून निघाले तेव्हा हातपाय गारठले होते. माथ्यावर पोहोचल्यावर भावाने स्वेटर काढला. "वर थंडी जास्त पाहिजे ना गं?"

"तीच तर गंमत आहे. खाली बघ."

खाली शहर नव्हतंच. दुधावर साय धरावी तसा करडा थर पसरला होता. भट्टीचा धूर सरळ वर यायचा आणि कशाला तरी अडल्यासारखा आडवा व्हायचा.

"आपलं शहर वाटीच्या तळाशी आहे," बाई म्हणाल्या. "थंडीच्या रात्री जमीन गार पडते, तिच्यालगतची हवा गार होते. गार हवा जड, ती तळाशी साचते. वर उबदार हवेचं झाकण. धूर त्याखाली कोंडतो. ऊन चढून जमीन तापली की खालची हवा उठते आणि झाकण मोडतं. ढगाळ दिवशी जमीन तापत नाही, म्हणून धूर तसाच राहतो."

"मग आपल्या लहानपणी असं का नव्हतं?"

"वाटी तीच होती रे. भट्ट्या दोन होत्या. आता मोजून बघ, आणि गाड्या वेगळ्या."

दहाच्या आसपास थर फाटला. पाण्याची टाकी दिसली, रिकामा मंच दिसला. भावाने स्वेटर खांद्यावर टाकला. मग म्हणाला, "उतरलो की आधी औषधाच्या दुकानात जाऊ."

तेवढ्यात त्याचा फोन वाजला. पलीकडे त्याची बायको नुसती किंचाळत होती.

दोघं धडपडत, पडत खाली आले. दवाखान्याच्या पायरीवर डॉक्टर उभे होते. पंप वेळेवर मिळाला असता तर, एवढंच ते म्हणाले. डोक्यावर आकाश निळंशार होतं.

दुसऱ्या दिवशी महाराज मंचावर हजर. निर्लज्जपणाची कमाल म्हणजे डोळे पुसत म्हणाले, "एक दिवस मी नव्हतो, आणि शहराने लेकरू गमावलं!" गर्दी हुंदके देऊ लागली. बाई पुढे सरसावल्या, पण भाऊ आधीच मंचावर चढला होता.

"काल धूर गेला," तो शिष्याच्या हातातला भोंगा घेऊन म्हणाला. "हे नव्हते तरी गेला. मी वरून बघितला. उन्हाने गेला. खरे असतील तर ह्यांनी सूर्य उगवायच्या आधी घालवून दाखवावा. आणि धूर येतो कुठून, ते मांडव घालणाऱ्या शेठला विचारा."

शिष्य त्याला ओढू लागला. भावाने भोंगा सोडला नाही.

"माझी पोर तीन दिवस सांगत होती, बाबा, छातीत दुखतंय. मी तिच्याकडे बघितलं नाही, ह्यांच्याकडे बघत बसलो. तुम्ही तरी घरी जा. आपापल्या पोरांना विचारा, श्वास घेता येतो का, आणि ती सांगतील त्यावर विश्वास ठेवा."