मानेपुरती जागा

मित्रांनो, जिंतूर तालुक्यातल्या बोरी गावात येऊन कुणालाही विचारा, की पाच माणसं बसणारी, मागे आखूड हौदा असलेली पांढरी पिकअप कुठे असते. लोक सवयीने आधी सुग्रीवच्या गोठ्याकडे बोट दाखवतील, मग जीभ चावून म्हणतील, "आता ती गोपीचंदच्या दारात ऱ्हाती." ती गाडी म्हणजे मी. माझं वय नऊ वर्षं. माणसाचं नऊ वर्षांचं लेकरू चौथीत असतं, आमच्यात मात्र या वयाला गुडघे दुखायला लागतात. तेव्हा थोडं जास्त बोलले तर सांभाळून घ्या. मला एक कबुलीही द्यायची आहे.

कारखान्यातलं मला फारसं आठवत नाही. माझी खरी आठवण परभणीच्या शोरूमपासून सुरू होते. तिथे माझ्या शेजारी माझी एक बहीण उभी होती. इंजिन तेच, चाकं तीच, रंगही तोच. फरक एवढाच, की तिला पुढे सीटांची एकच ओळ होती आणि मागे आठ फुटांचा हौदा. मला सीटांच्या दोन ओळी होत्या, म्हणून हौद्याच्या वाट्याला पाचच फूट आले. आमच्या अंगाची लांबी ठरलेली असते. माणसांना जागा वाढवली की ती मागच्या हौद्यातून कमी होते. हे साधं गणित आहे, पण त्या दिवशी ते कुणी मोठ्याने बोललं नाही.

सुग्रीव आणि त्याची बायको धुरपदाबाई गाडी बघायला आले होते. सुग्रीव तसा शेतकरी, पण त्याच्या हातात एक कला होती. पोळ्याच्या आधी महिनाभर तो गावातल्या बैलांच्या झुली शिवायचा. त्यासाठी त्याच्याकडे एक सुती दोरी होती. बैलाच्या खांद्यापासून शेपटीच्या मुळापर्यंत ती ताणायची आणि तिथे गाठ मारायची. त्याची झूल कधी बोटभर कमी पडली नाही की जास्त झाली नाही. सुग्रीवचं माप म्हणजे देवाचं माप, असं गाव म्हणायचं. माणसाला एवढं चांगलं म्हणू नये. ते त्याला खरं वाटायला लागतं.

त्या दिवशीही दोरी खिशात होती. "आपल्याला शेतीला आन् जनावराला गाडी पायजे," असं सांगून तो माझ्या हौद्यात चढला आणि दोरी ताणली. त्याच्या लाल्या बैलाच्या मापाची गाठ फाळक्याच्या आतच राहिली. फाळका म्हणजे हौद्याचं मागचं झाकण, जे खाली पाडून माल चढवतात.

धुरपदाबाई खालून बघत होती. ती म्हणाली, "मागचं लय बारकं दिसायलंय."

"दिसायलंय बारकं. लाल्या मावून ईतभर जागा उरती. आन् तू किती वर्सं लोकाच्या टेम्पोत मागं शेरडासंगं बसून जिंतूरला जायलीस? आता माझी बायको हौद्यात बसायची न्हाई."

तिने माझं मागचं दार उघडलं आणि निळ्या सीटवरून हळूच तळहात फिरवला. मित्रांनो, खरं सांगते, मला तेव्हा केवढा अभिमान वाटला. शेजारच्या बहिणीकडे मी नाक मुरडून पाहिलं. तिला त्याच आठवड्यात बोरीच्याच गोपीचंदने नेलं.

पहिली काही वर्षं माझं खूप कौतुक झालं. कापूस वेचणीला निघालेल्या बाया माझ्या सीटवर दाटीवाटीने बसायच्या आणि गाणी म्हणायच्या. मी लग्नाला गेले, बारशाला गेले. सोयाबीनची पोती नेली, शेरडं नेली. शेरडांना पाच फूट पुष्कळ होतात. दसऱ्याला माझ्या पुढच्या जाळीला झेंडूची माळ असायची आणि धुरपदाबाई मला हळदकुंकू लावायची.

लाल्याला जोडीचा बैल बघायचा होता, म्हणून त्याला सोबत घेऊन जिंतूरच्या बाजाराला निघालो, तेव्हा घोळ उघडा पडला. लाल्या चढला. खांद्यापासून शेपटीपर्यंत तो अगदी मापात बसला. पण झूल काही मानेवर घालत नाहीत, म्हणून सुग्रीवच्या दोरीत मान आणि डोकं धरलेलंच नव्हतं. बैल मात्र मान घरी ठेवून येत नाही. त्याचं कपाळ माझ्या मागच्या काचेवर आपटलं. सुग्रीवने थोडा वेळ विचार केला आणि त्याला तिरपं उभं करून त्याचं मुंडकं बाजूच्या पट्टीला आवळून बांधलं. जिंतूर येईपर्यंत लाल्याचं शिंग माझ्या पत्र्यावर घासत होतं. ते ओरखडे अजून आहेत.

घरी आल्यावर धुरपदाबाई म्हणाली, "आवो, तुमच्या मापात मान धरायची ऱ्हायली."

"जनावर मान वळवून ऱ्हातंय की. त्याला काय हुतंय," सुग्रीव म्हणाला आणि जेवायला बसला.

पुढच्याच महिन्यात गोपीचंद स्वतः घरी आला. तो म्हणाला, "सुग्रीवदादा, माझ्या घरी मानसं जास्त, तुमच्याकडं जनावरं जास्त. गाड्या बदलून घेऊ." किती शहाणपणाचं बोलणं होतं ते. पण सुग्रीवला त्यात वेगळंच ऐकू आलं. गाडी बदलली, की सुग्रीवचं माप चुकलं हे पोळ्यापर्यंत गावभर होणार. त्याने चहा पाजून गोपीचंदला वाटेला लावलं. मीही मनात खूश झाले. मला निळ्या सीटा मिरवायच्या होत्या ना.

गावातला सिद्धोधन जनावरांच्या दवाखान्यात कामाला आहे. त्यानेही एकदा सांगून पाहिलं, "दादा, उभं जनावर तिरपं जातंय. पन आजारी पडून आडवं झालं तर ह्या गाडीत न्यायचं कसं?" सुग्रीव हसला. आडवं झालं तर, असं म्हणून सगळेच हसतात. मग कुणीतरी आडवं होतं.

धुरपदाबाईची एक गाय होती, तांबी. माहेराहून वासरू म्हणून आणलेली, अंगाने गडद लाल, कपाळावर एकही पांढरा ठिपका नाही. ती घरात सगळ्यांना शिंग दाखवायची, फक्त धुरपदाबाईसमोर मान खाली घालायची. मागच्या उन्हाळ्यात तिचं तिसरं वेत होतं. सकाळी वेणा सुरू झाल्या आणि ऊन चढलं तरी ती मोकळी होईना. सिद्धोधन आला. खांद्यापर्यंत हात घालून त्याने बराच वेळ प्रयत्न केला. हात बाहेर काढला तेव्हा त्याचा चेहरा उतरला होता.

"वैनी, वासरू आडवं आलंय. माझ्यानं सरळ हुईना. परभनीला मोठ्या दवाखान्यात न्यावं लागतंय, आन् आत्ताच."

तांबी तोवर बसली होती आणि तिला उठताच येत नव्हतं. सुग्रीवने गोपीचंदला फोन लावला. माझी बहीण त्या दिवशी लग्नाचं सामान घेऊन पाथरीला गेली होती. यायला दोन तास लागणार होते. "दोन तास न्हाई दम निघायचा," सिद्धोधन म्हणाला. मग सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. इतकी माणसं एकदम माझ्याकडे बघताना मला पहिल्यांदाच लपावंसं वाटलं.

आठ माणसांनी ताडपत्रीवर घालून तांबीला वर चढवलं. तिचं डोकं केबिनला टेकलं, मान एका अंगाला मुडपली, तरीही मागचा पाय बाहेर राहिला. फाळका उघडा ठेवला तर गाय रस्त्यावर घसरणार होती. मग सुग्रीवने स्वतःच्या हाताने तो पाय दुमडला, तिच्या पोटाखाली सारला, फाळका वर ढकलला आणि कडी घातली.

पुढे सुग्रीव आणि सिद्धोधन बसले. धुरपदाबाई हौद्यात चढली आणि तिने तांबीचं तोंड मांडीवर घेतलं, श्वास कोंडू नये म्हणून. मागच्या ओळीची निळी सीट, जी तिच्यासाठी घेतली होती, ती सगळ्या वाटेत रिकामी होती. प्रत्येक खड्ड्याला गाय कण्हायची आणि धुरपदाबाई म्हणायची, "आलं बाई, आलं परभनी." अजून वाटेतलं झरी गावसुद्धा आलं नव्हतं.

झरीजवळ सिद्धोधनने गाडी थांबवायला लावली. तांबीची कूस बदलायला हवी होती, म्हणजे दबलेला पाय मोकळा झाला असता. पण आठ जणांनी चढवलेली गाय तिघांना हलेना. आणि हलली असती तरी वळवायची कुठे? मला जागाच नव्हती. सिद्धोधन पुन्हा पुढे जाऊन बसला. मित्रांनो, माझ्या आयुष्यात मला एवढी लाज कधी वाटली नव्हती.

दवाखान्यात वासरू सुखरूप निघालं. लाल कालवड, आईसारखीच. तिला बघून सुग्रीव पहिल्यांदा खाली बसला. पण तांबी उठली नाही. डॉक्टरांनी तिचा मागचा पाय दाबून पाहिला आणि सांगितलं, "अडलेल्या वेणांचा त्रास आहेच. पण हा पाय बराच वेळ अंगाखाली दबून राहिलाय. नस दुखावली आहे. आपण प्रयत्न करू."

सगळ्यांनी प्रयत्न केले. नऊ दिवस धुरपदाबाई तिथेच राहिली. गायीच्या कुशीखाली गवत सारायची, पाय चोळायची, आंबोण भरवायची. तांबी कालवडीला चाटायची आणि उठायला धडपडायची. नवव्या दिवशी दुपारी ती गेली.

संध्याकाळच्या आत कालवडीला घेऊन घरी निघायचं होतं. सुग्रीव माझ्याजवळ येऊन म्हणाला, "माझं माप चुकलं."

धुरपदाबाई म्हणाली, "तुमच्या एकट्याचं न्हाई. बारकं दिसायलंय म्हनले मी, पन गादीवर हात फिरवला आन् गप बसले."

आणि मी? मला तर सगळं आधीपासून माहीत होतं. लाल्याचं शिंग माझ्याच पत्र्यावर घासत होतं. गाडीला तोंड नसतं, हे खरं आहे. पण मनातल्या मनात मी खूश होते, हेही खरं आहे. हीच ती माझी कबुली.

सुग्रीवने मागचं दार उघडलं आणि म्हणाला, "आत बस." धुरपदाबाईने ऐकलं नाही. ती कालवडीला उचलून हौद्यात चढली आणि तिला कवेत घेऊन फाळक्याला टेकून बसली. "मी मावते हितं," ती एवढंच म्हणाली. बोरी येईपर्यंत सुग्रीव आरशात बघत होता आणि गाडी बैलगाडीच्या चालीने चालवत होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी तो गोपीचंदच्या दारात गेला. ओट्यावर चार माणसं बसली होती. त्यांच्यासमोर म्हणाला, "माझं माप चुकलं. अजून बदलायची असंल तर गाडी बदलू." कुणी हसलं नाही. गोपीचंदने किल्ली आणून त्याच्या हातावर ठेवली. अशी मी इथे आले. इथे माणसं जास्त आहेत, जनावर एक शेळी. मी उपयोगी पडते, पण झेंडूची माळ घातली की मला आता पूर्वीसारखा अभिमान वाटत नाही.

मित्रांनो, मोठे झालात की तुम्हीही काही ना काही घ्याल. गाडी घ्याल, घर बांधाल, गोठा बांधाल. तेव्हा ज्याच्यासाठी घ्यायचं त्याला नीट उभं करून मोजा, आडवं झाल्यावर किती जागा लागेल तेही मोजा. आणि मोजताना कुणी "बारकं दिसायलंय" म्हणालं, तर त्याला पुन्हा एकदा बोलू द्या.

आता आसपासच्या गावांतून कुणी गाडी घेणार असला, की आधी सुग्रीवकडे येतो. सुग्रीव खिशातून तीच सुती दोरी काढतो. तिच्यावर आता दोन गाठी आहेत, आणि दोन्हींच्या मध्ये हातभराहून जास्त अंतर आहे. येणारा विचारतो, दोन कशाला? मग सुग्रीव एकेका गाठीवर अंगठा ठेवून सांगतो, "ही झुलीची. आन् ही तांबीची."